संरक्षणाचा पैसा, अडकलेली खरेदी आणि बदलत्या खुर्च्या

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो. संरक्षणावर दरवर्षी एवढा पैसा खर्च होतो, तरी रायफल, जाकीट, पाणबुडी, विमान यांतले काहीच वेळेवर का येत नाही? यात भ्रष्टाचार किती, मंत्रालयातली दिरंगाई किती आणि खुद्द लष्करातल्या वरिष्ठांचा दोष किती? सुधारायचे ठरवले तर हात कुठे घालायचा? आणि शेवटी, बाहेरून बघणाऱ्या माणसाला यातले खरे-खोटे कसे कळावे?

मी तोफखान्यात होतो. नोकरीचा मोठा भाग रेजिमेंटमध्ये गेला, काही वर्षे नव्या सामग्रीच्या चाचण्यांवर आणि काही दिल्लीत मुख्यालयात खरेदीच्या टेबलावर. त्यामुळे उदाहरणे तोफांची आणि पायदळाची जास्त येतील. हवाई दलाबद्दल मी बेताने बोलेन.

पैसा कमी पडतो, भ्रष्टाचार झालेला आहे, मंत्रालयात फाइल रेंगाळते, या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण तिन्हींच्या मुळाशी एक गोष्ट मला सतत दिसली. या व्यवस्थेत उशीर झाला तर कोणाचेच काही बिघडत नाही. निर्णय घेतला तर मात्र घेणाऱ्याचे बिघडू शकते, तेही निवृत्तीनंतर दहा वर्षांनी. अशा ठिकाणी शहाणा माणूस काय करतो? फाइलवर आणखी एक शंका काढतो आणि आपली बदली होईपर्यंत ती फिरती ठेवतो. हे तो दुष्टपणाने करत नाही. त्याच्या जागी बसल्यावर तेच सर्वांत सुरक्षित वाटते. सुधारणा करायची ती इथे करायला हवी, असे माझे मत आहे. नियमांची नवी जाड पुस्तके आपण बरीच काढली. २००२ मध्ये पहिली खरेदी कार्यपद्धती आली, नंतर ती कितीतरी वेळा सुधारली आणि २०२० मध्ये नव्या नावाने पुन्हा लिहिली गेली. पुस्तक दर वेळी आधीपेक्षा बरे निघाले. पण ते वापरणाऱ्याच्या मनातली भीती तशीच राहिली.

उत्तर सगळीकडे सारखे नाही, हेही सांगून टाकतो. बूट, तंबू, सुटे भाग, दारूगोळा ही खरेदी महसुली खर्चातून होते. तिथे अधिकार खालपर्यंत वाटलेले आहेत आणि कामही बऱ्यापैकी चालते. नवी तोफ, जहाज, विमान हा भांडवली खर्च, आणि खरी कोंडी तिथे आहे. नौदलाची गोष्ट आणखी निराळी. जहाजाचा आराखडा करणारे त्यांचे स्वतःचे खाते अनेक दशकांपासून आहे आणि बांधणीवर नजर ठेवायला त्यांचे अधिकारी गोदीत बसतात. वापरणारा आणि बनवणारा एकमेकांशी रोज बोलतात. जहाजे उशिरा येतात, पण येतात, आणि आपल्या गरजेची असतात. भूदलात असे नाते कधी रुजले नाही. आपण वर्षानुवर्षे ‘गिऱ्हाईक’ राहिलो, माल पारखून नापसंत करणारे. ठिणगी पडली की नियमही बदलतात. २०१६ मध्ये उरीनंतर आणि २०२० मध्ये गलवाननंतर सेनादलांना तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले. २०२० नंतर तर प्रत्येक प्रकरणी ३०० कोटींपर्यंतची भांडवली खरेदीही ती आपल्या अधिकारात करू शकली, अट एवढीच की माल ठरलेल्या थोड्या महिन्यांत आला पाहिजे. माणसे तीच, मंत्रालय तेच, तरी त्या काळात सामान आले. उशीर हा काही आमच्या स्वभावातला दोष नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

आता पैशाकडे वळू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये मिळाले. त्यातले १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे. पगार, रेशन, इंधन, दारूगोळा, देखभाल यांसाठी ३,११,७३२ कोटी. भांडवली खर्चाला १,८०,००० कोटी, म्हणजे शंभरातले साधारण सव्वीस रुपये. या सव्वीस रुपयांतला मोठा भाग आधीच सह्या झालेल्या करारांच्या हप्त्यांत जातो. नवे काही सुरू करायला हातात उरते ते फारच थोडे.

‘मग पेन्शन कापा’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण जवान तरुण हवा म्हणून आपण त्याला पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवतो, मग त्याचे पेन्शन लवकर सुरू होणार आणि लांब चालणार, हे उघड आहे. अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली ती काही अंशी याच ओझ्यामुळे. तिची बचत दिसायला आणखी बरीच वर्षे लागतील आणि चार वर्षांसाठीच घेतलेल्या जवानामुळे तुकडीच्या एकजिनसीपणावर काय परिणाम होतो, हा स्वतंत्र प्रश्न आहे. माझ्या मते त्याआधी लढाईशी संबंध नसलेला पसारा आवरायला हवा होता. लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने डिसेंबर २०१६ मध्ये तेच सांगितले होते. २०१७ मध्ये त्यांच्या ६५ शिफारशी मान्य झाल्या, सुमारे ५७,००० जणांना दुसऱ्या कामांवर हलवायचे ठरले, लष्करी दुग्धशाळा तर २०२१ मध्ये बंदच झाल्या. हे काम चिकाटीने पुढे न्यायला हवे. त्याला टाळ्या मिळत नाहीत, म्हणून ते मागे पडते.

पैशाचे दुसरे दुखणे म्हणजे मार्चअखेर. ३१ मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते. चाचणी एका हंगामाने पुढे गेली की त्या वर्षाचा पैसा गेला, आणि पुढच्या वर्षी अर्थ खाते विचारते, गेल्या वर्षीचे तर खर्चले नाहीत, आता जास्त कशाला? २०२४-२५ मध्ये भांडवली तरतूद १,७२,००० कोटींची होती, सुधारित अंदाजात ती १,५९,५०० कोटींवर आली. हातात पैसा असूनही तो खर्च करता आला नाही, ही गोष्ट ‘बजेट वाढवा’ म्हणणाऱ्यांनी नीट बघावी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी २,३८,३५४ कोटींचा, वर्षाअखेरी परत न जाणारा आधुनिकीकरण निधी सुचवला होता. तत्त्वतः त्याला होकारही मिळाला, पण तो चालवायचा कसा हे ठरवण्यातच वर्षे गेली. दहा-पंधरा वर्षांच्या वस्तूला वर्षा-वर्षाचा पैसा देऊन चालत नाही.

आता मला सर्वांत जवळून माहीत असलेला भाग. खरेदीची सुरुवात होते ती गुणवत्तेच्या अटींनी. आम्ही त्यांना नुसते ‘क्यूआर’ म्हणतो. वस्तूने काय काय करायला हवे, याचा हा दस्तऐवज. पुढची दहा वर्षे कशी जाणार ते इथेच ठरते. तो तयार कसा होतो, ते सांगतो. टेबलावरच्या लेफ्टनंट कर्नलसमोर जगभरातल्या कंपन्यांची माहितीपत्रके असतात. एकीचा पल्ला लांब, दुसरीचे वजन कमी, तिसरीची बॅटरी जास्त टिकते. तो तिन्ही गुण एकत्र लिहितो, कारण आपल्या सैन्याला उत्तम तेच मिळावे असे त्याला मनापासून वाटते. मग मसुदा निरनिराळ्या शाखांकडे फिरतो. वाळवंटवाले उष्णतेची अट वाढवतात, उंचावरचे थंडीची, सिग्नलवाले रेडिओची. अट कमी करणारा मात्र कोणी नसतो. वाढवलेल्या अटीबद्दल कोणी जाब विचारत नाही. कमी केलेल्या अटीवर पहिला प्रश्न येतो, ‘ही कोणाच्या सोयीसाठी?’ शेवटी कागदावर जी वस्तू उभी राहते ती जगात कोणीच बनवत नसते.

२०११ ची रायफलची निविदा हे याचे ठळक उदाहरण. एकाच रायफलीला नळी बदलून दोन वेगवेगळ्या कॅलिबरच्या, म्हणजे वेगवेगळ्या व्यासाच्या, गोळ्या झाडता आल्या पाहिजेत, अशी अट होती. कागदावर छान दिसते. प्रत्यक्ष चाचण्यांत कोणतीच रायफल अटींत बसली नाही आणि २०१५ मध्ये निविदा मागे घेतली. नंतर २०१९ मध्ये तातडीच्या मार्गाने ७२,४०० अमेरिकन रायफली घेतल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कोरवा येथे बनणाऱ्या सहा लाखांवर एके-२०३ रायफलींचा करार झाला. दोन्ही साध्या, प्रत्येकी एकाच कॅलिबरच्या. मधली वर्षे जवानाने जुन्याच इन्सास रायफलीवर काढली.

चाचणीच्या मैदानावर हीच गोष्ट कशी दिसते बघा. आमच्याकडे उंचावरच्या भागात थर्मल साइटची चाचणी चालू होती. थर्मल साइट म्हणजे अंधारात उष्णतेवरून माणूस दाखवणारी दुर्बीण. रात्री पारा बराच खाली गेला आणि एका साइटची बॅटरी अटीत लिहिलेल्या वेळेच्या थोडी आधी संपली. बाकी सगळ्या गोष्टींत ती इतरांपेक्षा सरस होती. तिथला सुभेदार मला म्हणाला, ‘साहेब, बॅटरी आम्ही खिशात ऊबेत ठेवू आणि बदलू. आज आहे ते यापेक्षा फार वाईट आहे. हेच द्या.’ पण चाचणीच्या तक्त्यात दोनच रकाने होते, ‘अटीत बसते’ आणि ‘बसत नाही’. ती साइट बाद झाली. दुसरी कंपनी आधीच बाद झाली होती, उरली एकच. एकच उरली की पुढचा प्रश्न उठतो, स्पर्धा कुठे आहे? प्रकरण दिल्लीला परत गेले. उंचावरच्या थंडीची चाचणी वर्षातून एकदाच होते, वाळवंटाच्या उन्हाची एकदाच. एक हंगाम चुकला की वर्ष गेले. त्या सुभेदाराने पुढचा हिवाळाही जुन्याच सामानावर काढला.

आताच्या कार्यपद्धतीत ही अडचण ओळखून अटींची वर्गवारी केली आहे. काही अटी अनिवार्य, काही करार झाल्यानंतर ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या, आणि काही जास्तीच्या गुणांना किमतीच्या तुलनेत थोडे झुकते माप. ही वर्गवारी मला फार मोलाची वाटते. पण ती वापरण्याचे धाडस करणारा अधिकारी हवा, आणि ते धाडस त्याला महागात पडू नये.

उलट उदाहरणही देतो, कारण ते माझ्या खात्याचे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. के-९ वज्र ही स्वयंचलित, म्हणजे रणगाड्यासारखी स्वतः चालत जाणारी तोफ. दुसऱ्या देशात वापरात असलेली, सिद्ध झालेली तोफ घेतली, आपल्या वाळवंटासाठी लागतील तेवढेच बदल केले आणि २०१७ मध्ये १०० तोफांचा करार केला. गुजरातमध्ये हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोने त्या बांधल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये शंभरावी तोफ मुदतीच्या आधी दिली. वाळवंटासाठी घेतलेल्या या तोफा लडाखलाही नेल्या. तिथला अनुभव घेतल्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तोफांचा करार झाला. आधी आहे ते घ्या, वापरा, पुढच्या खेपेला सुधारून घ्या. खरेदीचा हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

पुण्याच्या पाषाणमधल्या प्रयोगशाळेने घडवलेली अटॅग्ज तोफ दुसऱ्या प्रकारची. ती नव्यानेच आखायची होती, त्यामुळे वेळ लागणार हे मान्य. २०१३ च्या सुमारास काम सुरू झाले, २०१७ मध्ये तिने लांब पल्ल्याचा मारा करून दाखवला, २०२० मध्ये चाचणीत नळी फुटली, पुन्हा तपासण्या झाल्या, आणि ३०७ तोफांचा करार मार्च २०२५ मध्ये. नळी फुटणे हा तोफा घडवण्याच्या कामातला भागच आहे, त्यासाठीच तर चाचण्या असतात. पण पहिल्या यशानंतर थोड्या तोफा एखाद्या रेजिमेंटला देऊन वापरता वापरता सुधारल्या असत्या, तर आज आपण पुढच्या आवृत्तीवर असतो.

किमतीचा नियम, ज्याला सगळे ‘एल-वन’ म्हणतात, त्याबद्दल थोडक्यात. पात्र ठरलेल्यांत जो सर्वांत स्वस्त, त्याला काम. अनेकजण या नियमावर रागावतात, पण तो आला तो वशिलेबाजी थांबवायला आणि ते काम तो करतो. त्रुटी अशी की पात्रतेची रेघ ओलांडल्यावर चांगला आणि कामचलाऊ माल सारखाच मोजला जातो. जी वस्तू तीस वर्षे चालवायची, तिच्या तीस वर्षांच्या खर्चाची तुलना व्हायला हवी. १२६ लढाऊ विमानांच्या निविदेत तसा प्रयत्न झाला होता. २००७ मध्ये निविदा, २०१२ मध्ये राफेल सर्वांत स्वस्त ठरले, मग वाटाघाटी अडल्या आणि २०१५ मध्ये ती खरेदीच रद्द झाली. शेवटी २०१६ मध्ये ३६ विमाने घेतली. त्या अनुभवानंतर एकूण खर्चाच्या हिशेबाला सगळे बिचकतात. मला वाटते, तो हिशेब करायला प्रशिक्षित माणसे नेमावीत, पद्धत सोडू नये.

आता भीतीबद्दल. २४ मार्च १९८६ रोजी ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, दुसऱ्याच वर्षी लाचेचे प्रकरण बाहेर आले. लाच हा गुन्हाच. पण त्यानंतर काय झाले ते बघा. तोफ उत्तम होती, कारगिलला १९९९ मध्ये तिनेच डोंगरमाथे मोकळे करून दिले. तंत्रज्ञानाची रेखाटने आपल्याला मिळाली होती, ती वर्षानुवर्षे पडून राहिली आणि फार नंतर त्यांतून धनुष तोफ जन्माला आली. १५५ मिलिमीटरच्या नव्या तोफेचा पुढचा करार, अमेरिकन एम-७७७ तोफेचा, नोव्हेंबर २०१६ मध्ये. तीस वर्षे! मधल्या काळात निविदा निघाल्या, चाचण्या झाल्या, कधी एखादी कंपनी काळ्या यादीत गेली, कधी एकच उरली म्हणून सगळे रद्द. तोफखान्यात भरती झालेला मुलगा सुभेदार होऊन निवृत्त झाला, पण त्याने नवी तोफ पाहिली नाही.

पाणबुड्यांचेही तेच. स्कॉर्पिन वर्गाच्या सहा पाणबुड्यांचा करार २००५ चा. माझगाव गोदीत बांधलेली पहिली, कलवरी, डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी निवडलेला जड टॉर्पिडो, म्हणजे पाण्याखालून जहाजावर मारा करणारे अस्त्र, मात्र आला नाही, कारण तो बनवणारी कंपनी ज्या उद्योगसमूहाची, त्याचे नाव अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या हेलिकॉप्टर खरेदीतल्या लाचेच्या प्रकरणात आले होते. खरेदी रद्द झाली आणि नव्या पाणबुड्यांनी जुन्या टॉर्पिडोंवर वेळ भागवली. नव्या टॉर्पिडोच्या जोडणीचा करार झाला डिसेंबर २०२४ मध्ये. लाच दुसऱ्याच व्यवहारातली, शिक्षा पाणबुडीतल्या खलाशांना. बुलेटप्रूफ जाकिटांना तर अशा कोणत्या प्रकरणाचीही गरज पडली नाही. २००९ मध्ये गरज मान्य झाली, १,८६,१३८ जाकिटांचा करार एप्रिल २०१८ मध्ये झाला. रक्कम ६३९ कोटी, म्हणजे संरक्षणाच्या हिशेबात किरकोळ. या नऊ वर्षांत जे जवान काश्मीरमध्ये गस्त घालत होते, त्यांच्याकडे बघून मला अजून त्रास होतो.

भ्रष्टाचार खपवून घ्या, असे मी म्हणत नाही. लाच घेणाऱ्याला तुरुंगात घाला, देणाऱ्या कंपनीकडून जबर दंड वसूल करा, करारातून नफा काढून घ्या. पण चालू असलेली, लष्कराला हवी असलेली वस्तू थांबवू नका. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी सरसकट बंदीऐवजी पायरीपायरीच्या शिक्षेची वाट उघडली, तीच वाट योग्य आहे. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातले एक जाचक कलमही गेले. अधिकाऱ्याचा हेतू वाईट नसला, तरी निर्णयाने कोणाचा आर्थिक फायदा झाला तर तो गुन्ह्यात ओढला जाऊ शकत होता. हा बदल फारसा कोणाला माहीत नाही. माझ्या दृष्टीने तो कितीतरी खरेदी-पुस्तकांपेक्षा महत्त्वाचा आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग, वरिष्ठांचा. खरेदीच्या टेबलावर अधिकारी दोन-तीन वर्षे असतो. खरेदीला सहज सात-आठ वर्षे लागतात, अनेकदा जास्त. म्हणजे अटी लिहिणारा एक, चाचणी घेणारा दुसरा, किंमत ठरवणारा तिसरा, आणि तोफ रेजिमेंटला मिळते तेव्हा आधीचे सगळे निवृत्त. यश आले तर श्रेय कोणाचे? फसले तर जबाबदार कोण? कोणीच नाही. वरच्या हुद्द्यावर तर खुर्ची याहून लवकर बदलते. ब्रिगेड किंवा डिव्हिजनची कमांड जेमतेम वर्ष-दीड वर्षाची, कारण मागे रांगेत असलेल्यांनाही ती संधी मिळाली पाहिजे. एवढ्या काळात काही ठळक दिसायला हवे, म्हणून नवा साहेब नवा उपक्रम काढतो आणि आधीचा अर्धवट राहतो. खालचे अधिकारीही वार्षिक गोपनीय अहवालावर जगतात. अहवालात एक गुण कमी पडला तर पुढची बढती गेली, इतके गुण फुगलेले. मग ‘एकही चूक नको’ ही वृत्ती घर करते. साहेबांच्या भेटीआधी सगळे चकाचक करायचे, तुटवडा सांगायचा नाही, वाईट बातमी वर जाऊ द्यायची नाही. २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांनी सांगितले की १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. युनिटपासून मुख्यालयापर्यंत ही स्थिती माहीत असलेले शेकडो लोक होते. गोष्ट सार्वजनिक व्हायला लेखापरीक्षक लागला.

मला हे लिहिताना वाईट वाटते, कारण ही माणसे भित्री नाहीत. गोळीबारात पुढे जाणारा अधिकारी फाइलवर सही करताना घाबरतो. रणांगणावर त्याच्यामागे रेजिमेंट उभी असते, फाइलपाशी तो एकटा असतो. म्हणून २०२५ मध्ये हवाई दल प्रमुखांनी जाहीर कार्यक्रमात सांगितले की प्रकल्प वेळेवर पूर्ण होत नाहीत, आणि करारावर सही करतानाच कधीकधी माहीत असते की मुदत पाळली जाणार नाही, तेव्हा मला फार बरे वाटले. सर्वांत वरच्या माणसाने उघडपणे बोलणे, यातूनच खालच्याला धीर येतो.

तिन्ही दलांच्या एकत्रीकरणाबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण ते वगळून खर्चाचे उत्तर पुरे होत नाही. हवाई दलाने २०१५ मध्ये २२ अपाचे हेलिकॉप्टरे घेतली, २०२० मध्ये भूदलाने स्वतःची ६ वेगळी घेतली. दोन ताफे म्हणजे दोन ठिकाणी देखभाल, सुटे भाग आणि प्रशिक्षण. अशा गोष्टी एकत्र बघायला संरक्षण दल प्रमुखांचे पद निर्माण झाले, ते कारगिलनंतरच्या शिफारशींच्या अठरा वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये. पहिले संरक्षण दल प्रमुख जनरल रावत यांच्या अपघाती निधनानंतर ते नऊ महिन्यांहून जास्त रिकामे राहिले. पदाचे महत्त्व कळले असते तर ते इतके दिवस मोकळे राहिले नसते.

मग काय करावे? आतापर्यंतचे सगळे एकत्र केले तर रोग असा दिसतो: वर्षा-वर्षाचा पैसा, स्वप्नवत अटी, निर्णयाची भीती आणि सारख्या बदलणाऱ्या खुर्च्या. माझ्या मते सुरुवात खुर्चीपासून करावी, कारण बाकी तीन गोष्टी त्यातून सुटायला लागतात. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला एक प्रमुख द्या, त्याच्याबरोबर हिशेब जाणणारा एक आणि तंत्रज्ञान जाणणारा एक असे दोघे, आणि अटी लिहिण्यापासून पहिली खेप येईपर्यंत तिघांना हलवू नका. बढती तिथेच द्या. कोकण रेल्वेच्या वेळी अभियंते ई. श्रीधरन यांना असेच सलग काम करू दिले होते आणि एवढा अवघड मार्ग सात-आठ वर्षांत उभा राहिला. लष्करी माणसाला यात एक धास्ती वाटते, कमांडची संधी हुकली तर पुढचा रस्ता बंद. म्हणून प्रकल्प तडीस नेणे हे कमांड केल्याइतकेच मोलाचे मानले जाईल, असे बढतीच्या नियमांत लिहावे लागेल. ते झाले नाही तर चांगले अधिकारी या जागांवर येणार नाहीत, उरलेसुरले येतील.

दुसरी गोष्ट, उशिराचा हिशेब फाइलवर आणा. आज फाइलवर खर्चाचा, स्पर्धेचा, नियमांचा रकाना असतो. ‘हा निर्णय सहा महिने पुढे ढकलला तर काय होईल’ हा रकाना नसतो. जुन्या सामग्रीची देखभाल किती महाग पडेल, किती तुकड्या बिनसामग्रीच्या राहतील, किंमत किती वाढेल हे लिहिणे सक्तीचे करा. मग शंका काढणाऱ्यालाही आपल्या शंकेची किंमत लिहावी लागेल. लेखापरीक्षणातही घेतलेल्या निर्णयाबरोबर न घेतलेला निर्णय तपासला जावा. आणि चाचण्यांत ‘बसते’ आणि ‘बसत नाही’ यांच्यासोबत तिसरा रकाना हवा, ‘आज वापरण्याजोगे, या दुरुस्तीसह’. त्याखाली त्या सुभेदाराचे मत त्याच्या सहीने यावे.

हे सगळे कायदा न बदलता करता येते. बहुवार्षिक निधीला मात्र अर्थ खात्याची संमती लागेल आणि तिथे मला लवकर यश दिसत नाही, म्हणून तो मी पहिल्या क्रमांकावर ठेवला नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बाहेरच्या माणसाने काय बघावे. वर्तमानपत्रात ‘अमुक हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी’ असा मथळा आला की ती बहुतेक वेळा गरजेला मिळालेली मान्यता असते. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद ती देते. त्यानंतर निविदा, चाचण्या, वाटाघाटी सगळे बाकी असते आणि यातली काही प्रकरणे तिथेच विरून जातात. म्हणून बातमीत ‘करारावर सह्या’ असे शब्द आहेत का ते बघा, आणि असतील तर पहिल्या खेपेची तारीख लिहून ठेवा. दर फेब्रुवारीत भांडवली खर्चाची मूळ तरतूद आणि सुधारित अंदाज शेजारी ठेवून वाचा. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. त्यात मागच्या शिफारशींवर सरकारने काय केले, याचा स्वतंत्र अहवाल निघतो, तो आधी वाचा. तुमच्या खासदाराला विचारायचा प्रश्न तिथे सापडेल.